काळी आणि पांढरी

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की आमच्याकडे मुलांना किल्ल्याचे वेध लागतात. दप्तरे कोपऱ्यात पडतात आणि अंगणात विटा, दगड, पोत्यांची फडकी जमू लागतात. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी हा उद्योग केलेला असेल, म्हणून त्याचे वर्णन करीत बसत नाही. गेल्या वर्षी मात्र माझ्या धाकट्याने एक नवीनच शोध लावला. आमच्या रानातली काळी माती वाळली की भेगाळते आणि लक्ष्मीपूजनापर्यंत बुरूज उभा राहत नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते. म्हणून त्याने गावाबाहेरच्या ओसाड टेकाडावरून दोन पोती पांढरी माती वाहून आणली. राखेसारखी भुरकट, हाताला मऊ. ती चाळताना चाळणीत एक खापर अडकले.

खापर बोटभर लांबीचे, विटकरी लाल. त्यावर काळ्या रंगाच्या दोन आडव्या रेघा आणि त्या दोहोंमध्ये तिरप्या रेघांची जाळी. कुणा कुंभारणीने की कुंभाराने ती काढली, देव जाणे. पण हात सवयीचा होता. टिचकी मारली तर धातूसारखा आवाज आला. "बाबा, हे किती जुनं?" मुलाने विचारले.

मी शिक्षक आहे आणि कादंबऱ्या लिहितो. पुरातत्त्व हा माझा विषय नव्हे. पण वाचायची खोड आहे, आणि मुलाने प्रश्न विचारला की 'नंतर सांगतो' म्हणून सुटका करून घेणे आमच्या धंद्याला शोभत नाही. पुस्तकांतली चित्रे काढून पाहिली. रेघांची ठेवण जोर्व्याच्या खापरांसारखी दिसली. निवाडा करणे जाणत्यांचे काम. पण एवढ्याने दोन रात्री झोप लागली नाही, हे कबूल करतो.

जोर्वे हे संगमनेरजवळचे, प्रवरेच्या काठचे गाव. 1950-51 साली तेथे उत्खनन झाले आणि महाराष्ट्रातल्या एका फार जुन्या शेतकरी संस्कृतीला त्या खेड्याचे नाव मिळाले. तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी, लाल भांडी, त्यांवर काळी नक्षी, पाणी ओतायला लांब तोटी. इसवी सनापूर्वी सुमारे 1400 ते 1000 या काळात हे लोक गोदावरी, प्रवरा आणि भीमेच्या खोऱ्यांत नांदत होते. म्हणजे आपल्या सातवाहनांच्याही हजारभर वर्षे आधी! आम्ही मुलांना महाराष्ट्राचा इतिहास शिकवतो तो बहुधा पैठणच्या सातवाहनांपासून. एका खापराने तो एकदम हजार वर्षे मागे ढकलला.

येथे थांबून त्या मातीविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे जुन्या माणसांनी दोनच भाग केले: काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचे, पांढरीत राहायचे. पांढरी म्हणजे गावठाण. ती मुळात पांढरी नसते. माणसे तिला पांढरी करतात. मातीची भिंत पावसाने खचते, तिच्यावरच नवी उभी राहते. चुलीतली राख, गोठ्यातले शेण, सारवणाचे पोपडे, फुटकी मडकी हे सारे तेथेच जिरते. पिढ्यांमागून पिढ्या जातात आणि जमीन हातहातभर वर येत राहते. एखाद्या नदीकाठी पांढऱ्या मातीचे टेकाड दिसले तर ते देवाने केलेले नसून आपल्याच कुणा पूर्वजांनी राहून राहून उंच केलेले आहे, असे समजावे.

भाऊबीज झाल्यावर नेवाशाला जायचे ठरले. मी आणि मुलगा असे दोघेच निघणार होतो. पण आईने पिशवी भरली. तिचे वय त्र्याहत्तर. म्हणाली, "माउलीच्या खांबाला डोकं टेकवते, मग तू कुठं बी हिंड."

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघाले की वाळूजचे कारखाने मागे पडतात आणि कायगाव-टोक्याला गोदावरीचा पूल येतो. जवळच प्रवरा येऊन मिळते, तो प्रवरासंगम. पूल ओलांडताना एसटीतली बायामाणसे हात जोडतात, नदीत नाणे टाकतात. आईने नाणे टाकले नाही. ती पाण्याकडे नुसती पाहत राहिली. पैठणच्या धरणाचा फुगवटा इकडवर येतो. तिचे सासर, म्हणजे आमचे मूळ गाव, त्या पाण्याखाली आहे. माझा जन्म मात्र नव्या गावातला. जुन्या गावाची मला ऐकीवच माहिती. आणि आई त्याविषयी फार बोलत नसे.

नेवाशात आधी खांबाचे दर्शन घेतले. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्या खांबाशी बसून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, तो हा पैसाचा खांब. साधा काळा दगड; त्यावर जुन्या दानाचा लेख कोरलेला. भोवतीचे देऊळ गेले, राज्ये गेली, खांब राहिला. आईने कपाळ टेकवले आणि बराच वेळ उचलले नाही.

नेवाशाचे दुसरे वैभव तिथल्या मातीत आहे. नदीकाठच्या लाडमोड नावाच्या टेकाडावर 1954 ते 1956 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. प्रमुख होते डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया, बरोबर डॉ. शां. भा. देव आणि अन्सारी. 1960 साली त्यांनी जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचे नाव 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' अशा अर्थाचे आहे. ते नाव मला फार आवडते. आपण पुस्तक पहिल्या पानापासून वाचतो. खणणाऱ्याला शेवटच्या पानापासून वाचत यावे लागते. वरच्या थरात मुसलमानी आणि मराठा अंमलातल्या बांगड्या व नाणी. त्याखाली सातवाहनांचा काळ. त्यात रोमकडच्या व्यापाऱ्यांनी आणलेल्या मद्यकुंभांचे तुकडे. त्याखाली काही शतकांची ओसाडी. आणि ओसाडीखाली पुन्हा चुली, घरे, जोर्व्याची लाल भांडी. त्याहीपलीकडे प्रवरेच्या वाळू-गोट्यांच्या जुन्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे. त्यांतल्या मधल्या अश्मयुगाच्या हत्यारांना तर विद्वानांच्या पोथीत नेवाशाचेच नाव आहे.

मुलाला मी सांगत होतो की खापर ज्या थरात असते त्या थरासकट ते बोलते. थरातून उपटून काढले की मुके होते. म्हणून टेकाडावर दिसलेली वस्तू खिशात घालू नये. जिथल्या तिथे राहू द्यावी आणि जाणत्याला कळवावे. मुलाने मान खाली घातली. त्याचे खापर त्या वेळी त्याच्या खिशातच होते.

मग मी त्या लोकांच्या दफनांविषयी सांगू लागलो. नेवाशात अशी शंभराहून अधिक दफने सापडली आणि त्यांत फार मोठा भाग लहान मुलांचा. घरात तान्हे मूल गेले तर ते गावाबाहेर नेत नसत. घरातच जमिनीत खड्डा घेत, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत, आत मूल. मग जमीन सारवून त्याच घरात राहत. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आतला दोरा कुजला नाही. तपासला तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम निघाले. तीन हजार वर्षांपूर्वी कुणी तरी रेशमाच्या धाग्यात माळ ओवून आपल्या लेकराच्या गळ्यात घातली होती.

आई इतका वेळ नदीकडे तोंड करून बसली होती. तिने विचारले, "लेकराच्या शेजारी काय ठिवलं हुतं?"

"तोटीचं भांडं असायचं आई, आणि वाटी. पाण्याला, खाण्याला."

ती काही बोलली नाही. पदराने तोंड पुसून उठली.

दुसऱ्या दिवशी जीप ठरवून आम्ही दायमाबादला गेलो. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर, उसाच्या फडांपलीकडे ही पांढरी आहे. दायमाबाद नावाचे गावही केव्हाच उठलेले. उरले ते टेकाड. 1958 साली बोपर्डीकर या संशोधकाने ही जागा हेरली. पुढे म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि सर्वांत दीर्घकाळ, 1979 पर्यंत, साळी यांनी येथे खणले. एकावर एक अशा पाच वसाहती निघाल्या. त्यांतली एक उत्तर हडप्पा काळाची; म्हणजे सिंधूकाठच्या संस्कृतीचा धागा थेट आपल्या प्रवरेपर्यंत येऊन पोचलेला.

पण दायमाबादचे नाव जगभर झाले ते कुणा विद्वानामुळे नव्हे. 1974 साली छबू लक्ष्मण भिल्ल नावाचा शेतकरी झुडपाचे खोड खणीत होता. कुदळीला धातू लागला. मातीतून चार ब्राँझची शिल्पे निघाली: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथ 45 सेंटिमीटर लांब. त्यात उभा सारथी आणि पुढे दांडीवर एक कुत्रे. चारही भरीव ओतीव, मिळून वजन साठ किलोंहून अधिक. बहुतेक अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळातली मानतात. धातूच्या परीक्षणावरून काहींनी शंकाही घेतली आहे. तो वाद चालू राहो. मला मनात येते ते असे, की ती मोडीच्या तराजूत गेली असती तर वाद घालायलाही काही उरले नसते. ग्रंथांत त्या शेतकऱ्याचे नाव नोंदलेले आहे. ते आपल्या मुलांनाही ठाऊक असावे.

या जनावरांना चाके आहेत. मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे खेळणी!" पूजेची असतील, मिरवणुकीची असतील. पण विदर्भातल्या वाचकांना तान्हा पोळा आठवेल. तेथे मुले लाकडी नंदी चाकांवर ओढत नेतात. त्याच विदर्भात, नागपूरजवळ जुनापाणी येथे, माळावर मोठमोठ्या धोंड्यांची सुमारे 300 वर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. ती लोखंड वापरणाऱ्या लोकांची दफने. माहुरझरीच्या वर्तुळांत घोड्यांचे तांब्याचे अलंकार निघाले; नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. काही वर्षांपूर्वी मी जुनापाणीच्या माळावर उभा राहिलो होतो, तेव्हा त्या धोंड्यांनी छाती दडपली होती. त्यांनी आपली माणसे उघड्यावर, दुरून दिसतील अशा शिळांच्या कोंडाळ्यात ठेवली. आमच्या गोदाकाठच्यांनी ती घरात, पायांखालच्या सारवणात ठेवली. एकाचे दुःख माळावर उभे आहे, दुसऱ्याचे जमिनीत निजले आहे, एवढाच भेद.

जोर्वे संस्कृतीतली एक चाल अंगावर काटा आणते. मोठे माणूस मेले तर त्याला उत्तरेकडे डोके करून पुरीत आणि घोट्याखालचे पाय तोडून टाकीत. मेलेल्याने उठून चालत जाऊ नये, घरीच राहावे, असा त्यामागचा भाव असावा, असे विद्वान म्हणतात. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी हे सांगितले. मुलगा शहारला. आई मात्र अगदी शांतपणे म्हणाली, "माणूस जाऊ नये म्हून पाय तोडले व्हय रे? अन् गावच उठून गेलं तर?"

तिचा प्रश्न खरा होता, कारण ती गावे उठलीच. इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातल्या या वसाहती ओस पडल्या. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे 1968 पासून पंधरा वर्षे उत्खनन चालले. शंभराहून अधिक घरे उजेडात आली. बांध घालून पाटाने पाणी नेण्याची सोय होती, धान्याचे कोठार होते. ते गाव आणखी दोन-तीनशे वर्षे तग धरून राहिले. पण चौकोनी प्रशस्त घरे जाऊन तेथे गोल खोपट्या आल्या, शेती आटली, शिकार आणि गुरे यांवर भिस्त वाढली. डॉ. म. के. ढवळीकरांनी याचे कारण पाऊसमान घटले हे दिले. मराठवाड्यातल्या माणसाला ते निराळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी 1972 पाहिला. आम्ही 2013 आणि 2016 चे उन्हाळे पाहिले. पाऊस गेला की आधी गुरे जातात, मग तरुण माणसे जातात आणि शेवटी पांढरी एकटी उरते.

आमचे गाव मात्र पाण्याने उठवले. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. सुमारे 350 चौरस किलोमीटरचा नाथसागर पसरला आणि शंभराहून अधिक गावांना त्याची झळ बसली. त्या पाण्यावर संभाजीनगर पाणी पिते, हजारो एकर भिजते. धरण नको होते, असे मी म्हणत नाही; त्याच पाण्याचा नळ आमच्याही घरात आहे. पण एखादे गाव उठते म्हणजे काय उठते, हे मला त्या रात्री कळले.

घरी आल्यावर आईने सांगितले. माझ्या दोन्ही बहिणींच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. सव्वा महिन्याचा होऊन गेला. आपल्याकडे तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत. मळ्याच्या बांधावर लिंबाखाली त्याला पुरले. पुढे वर्षा-दोन वर्षांत गाव हलले. घराच्या तुळया काढून आणल्या, जाते आणले, देव आणले. "त्याला कसं आणणार?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मी बी दुधाची वाटी ठिवली हुती शेजारी. सासूबाई रागावल्या, पितळेची वाटी मातीत घातली म्हून. पन तान्ह्याला लागंल का न्हाई?"

मी पंचेचाळीस वर्षांचा होईपर्यंत मला एक भाऊ होता हे ठाऊक नव्हते. नेवाशाच्या एका मडक्याने ते मला सांगितले.

वैशाखात पाणी ओसरले तेव्हा तिला घेऊन गेलो. काठापासून बराच आत चिखल वाळून तडकला होता. देवळाचे जोते, एका वाड्याचे उंबरठ्याचे दगड, विहिरीचे कडे उघडे पडले होते. आईने कुणाला न विचारता वाट काढली. लिंबाचे झाड कुठले उरायला. पण एका जागी ती थांबली, बसली, पिशवीतून दूध काढले आणि मातीवर थोडे ओतले. आम्ही दोघे बाजूला उभे राहिलो. पाणकावळे उडत होते. पाच-दहा मिनिटांनी ती उठली आणि म्हणाली, "चला, ऊन झालं."

आता त्या टेकाडाविषयी, ज्यावरून मुलाने माती आणली होती. तेथून ट्रॅक्टरने माती जाते. पांढरी माती राखेची, शेणाची. शेतात टाकली की पीक तरारते, हे आपल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. महाराष्ट्रातली कितीतरी टेकाडे अशीच खतात गेली. मी ट्रॅक्टरवाल्याशी बोललो. तो माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "सर, मेलेल्यांच्या मातीवर जित्यांचं पोट भरतंय. त्यात वाईट काय?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. खताच्या पोत्याची किंमत मला माहीत आहे. शेवटी मी त्याला छबू लक्ष्मण भिल्ल यांची गोष्ट सांगितली, आणि आईची सांगितली. जमिनीत निधी सापडला तर कलेक्टरला कळवावे असा 1878 पासून कायदा आहे, हेही सांगितले. पण कायद्यापेक्षा वाटीचाच परिणाम अधिक झाला असावा. त्याने टेकाडाचा नदीकडचा अर्धा भाग सोडून द्यायचे कबूल केले आहे. उरलेल्या अर्ध्यातून माती जाते. हा काही विजय नव्हे. तरी पुढे कुणी जाणता येईल तेव्हा त्याला वाचायला निदान अर्धी पोथी शिल्लक असेल.

खापर मुलाने परत नेऊन ठेवले. ज्या खळग्यातून माती काढली होती, तेथेच. थर मोडला तो मोडलाच. पण "त्याच्या गावात तरी राहील" असे त्याचे म्हणणे पडले. मी त्यात दुरुस्ती केली नाही.

यंदाचा किल्ला काळ्या मातीचा करायचे ठरले आहे. त्यात भुसा कालवला तर भेगा कमी पडतात, असे आजीने सुचवले आहे. पडल्या तरी लिंपून घेऊ. दरवर्षी पहिली पणती किल्ल्याच्या दाराशी लागते. यंदा आईने आणखी एक मागून ठेवली आहे. ती परसदारी, धरणाच्या बाजूला तोंड करून ठेवायची आहे.